एकट्याने गरी टाकताना माशाचा फोटो वारंवार बिघडत असेल, तर काय तपासावे

तलावाच्या पाळीवर किंवा बोडीच्या (लहान तळ्याच्या) काठी एकट्याने गरी टाकून बसणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. मासा चांगला लागतो, काठावरही येतो, पण फोटो मात्र कोणाला दाखवण्याजोगा निघत नाही. कधी माशाचे डोके चौकटीबाहेर गेलेले असते, कधी शेपटीच्या जागी नुसती पांढरी रेघ उमटते, कधी मागचा तलाव स्वच्छ आणि हातातला मासा धूसर दिसतो, तर कधी टायमर संपून रिकाम्या गवताचाच फोटो हाती लागतो. अशा वेळी अधिक मेगापिक्सेलचा फोन घ्यावा, असे बहुतेकांना वाटू लागते. तो खर्च करण्यापूर्वी पुढील गोष्टी तपासून पाहाव्यात, कारण यातील बहुतेक दोष फोनचे नसून कामाच्या क्रमाचे असतात.

सोबत कोणी असेल तर एक जण मासा सांभाळतो आणि दुसरा फोन धरतो, त्यामुळे क्रमाचा प्रश्नच येत नाही. एकट्या माणसाची मात्र सगळी कामे मासा काठावर आल्यानंतर सुरू होतात. गरी सोडवायची, हात पुसायचे, खिशातून फोन काढायचा, तो टेकवायला दगड शोधायचा, टायमर लावायचा आणि मग धावत जाऊन मासा उचलायचा, एवढे होईपर्यंत कतला मलूल होतो आणि मरळ असेल तर ती उड्या मारून चिखलाने माखते. म्हणून फोटोची जागा, फोनचा कोन आणि उजेडाची दिशा या तिन्ही गोष्टी गरी पाण्यात पडण्यापूर्वी ठरलेल्या असाव्यात. मासा या सगळ्यात शेवटी यावा.

मासा चौकटीबाहेर जातो

फोनचा मागचा कॅमेरा वापरला की पडदा आपल्याला दिसत नाही, आणि पुढचा वापरला की चित्राचा दर्जा उतरतो. बऱ्याच फोनमध्ये पुढच्या कॅमेऱ्याचा फोकस कायमचा एका अंतरावर बसवलेला असतो, त्यामुळे हाताच्या अंतरावरचा चेहरा स्पष्ट येतो पण त्यापुढे धरलेला मासा येत नाही. यावर उपाय एकच आहे, तो म्हणजे मागचा कॅमेरा वापरायचा आणि त्याची चौकट जमिनीवर आखून ठेवायची. फोन त्याच्या जागी बसवावा, पडद्यावर पाहत डावीकडची आणि उजवीकडची कड जिथे संपते तिथे एकेक दगड ठेवावा किंवा काडी खोचावी, आणि त्या दोन खुणांच्या मधोमध स्वतः बसण्याची जागा ठरवावी. बसल्यावर डोक्यावर किती जागा उरते हे कळण्यासाठी एक चाचणी फोटो काढून पाहावा. फोन साधारण दोन मीटर दूर आणि बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर असला, तर माणूस, मासा आणि मागचे थोडे पाणी एवढे नीट मावते.

जास्त मावावे म्हणून पुष्कळ जण अतिरुंद (अल्ट्रावाइड) भिंग निवडतात. ते टाळलेले बरे. त्या भिंगात चौकटीच्या कडेची प्रत्येक वस्तू ताणली जाते, आणि आडवा धरलेला मासा नेमका कडेपर्यंत पोचत असल्यामुळे त्याचे तोंड एका बाजूला आणि शेपटी दुसऱ्या बाजूला ओढल्यासारखी दिसते. रोहू ओळखू येणार नाही असा फोटो काढण्याची ही खात्रीची रीत आहे. मूळ भिंग ठेवावे, आणि जागा कमी पडली तर फोन मागे सरकवावा.

फोन टिकत नाही, कलतो किंवा पडतो

बाजारात मिळणारे हलके तिपाई स्टँड घराच्या फरशीवर उत्तम उभे राहतात. काळ्या मातीच्या ओल्या काठावर मात्र त्यांचे बारीक पाय रुततात, आणि तेही एकसारखे रुतत नाहीत, त्यामुळे चाचणी फोटोत सरळ असलेली चौकट अर्ध्या तासात तिरपी झालेली असते. प्रत्येक पायाखाली नारळाच्या करवंटीचा तुकडा किंवा जुन्या चपलेचा तळ ठेवला की वजन पसरते आणि रुतणे थांबते. वारा असेल तर तिपाईच्या मधल्या दांड्याला पाण्याची भरलेली बाटली लटकवावी. तिपाई नसेल तर बाभळीची किंवा पळसाची मजबूत बेचकी जमिनीत ठोकून तिच्यात सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने फोन आवळता येतो. मात्र पट्टी आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणावर येणार नाही हे पाहावे.

ज्यांची मोटारसायकल पाळीपर्यंत जाते त्यांना हँडलवरचा फोन होल्डर हा आयता स्टँड मिळतो, आणि त्याची उंचीही बसलेल्या माणसासाठी योग्य पडते. गाडी मधल्या स्टँडवर लावावी, बाजूच्या स्टँडवर ती मऊ जमिनीत हळूहळू कलते. येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. चित्र स्थिर ठेवण्यासाठी अनेक फोनच्या भिंगात हलणारे सूक्ष्म भाग असतात, आणि मोटारसायकलच्या इंजिनाच्या सततच्या कंपनाने ते बिघडू शकतात, असा इशारा ॲपल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना दिला होता. तेव्हा होल्डर वापरावा तो गाडी उभी केल्यावर, आणि खडबडीत पांदण रस्त्याने जाताना फोन खिशातच ठेवावा.

टायमर पुरत नाही

टायमरचा सर्वांत मोठा अवधी बहुतेक फोनमध्ये १० सेकंदांचा असतो. फोनवरून बोट उचलणे, जागेवर येणे, हात ओले करणे, पाण्यातल्या जाळीतून मासा काढणे आणि तो आडवा धरून फोनकडे पाहणे ही कामे १० सेकंदांत होत नाहीत, आणि घाईने केली तर मासा सुटतो. म्हणजे टायमर हे या कामाचे साधनच नव्हे. त्याऐवजी जे उपाय आहेत त्यांपैकी मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो म्हणजे व्हिडिओ.

फोन बसवल्यावर व्हिडिओ सुरू करून जागेवर जावे, मासा निवांतपणे उचलावा, क्षणभर आडवा धरावा, थोडा फिरवावा, आणि पाण्यात किंवा पिशवीत ठेवल्यानंतर व्हिडिओ बंद करावा. घरी आल्यावर त्यातील सर्वांत चांगले दृश्य थांबवून त्याचा फोटो काढून घ्यावा. साध्या फुल एचडी व्हिडिओतील एक दृश्य सुमारे २ मेगापिक्सेलचे असते, आणि मोबाइलवर पाहण्यास ते पुरते. फोर-के व्हिडिओतील दृश्य सुमारे ८ मेगापिक्सेलचे असते, आणि त्याची भिंतीवर लावण्याजोगी प्रतही निघते. फोर-केचा एक मिनिट शेकडो मेगाबाईट जागा खातो, त्यामुळे निघण्यापूर्वी फोनमध्ये जागा आहे की नाही हे पाहावे. दृश्य काढताना पडद्याचा स्क्रीनशॉट न घेता फोनच्या गॅलरीत व्हिडिओतून फोटो काढण्याची जी सोय असते ती वापरावी, अन्यथा पडद्यावरची चिन्हेही फोटोत येतात. या उपायाची मर्यादा एकच आहे. दिवस मावळताना व्हिडिओतील प्रत्येक दृश्य हललेले येते, त्यामुळे तेव्हा तो उपयोगी पडत नाही.

कमी उजेडात ब्लूटूथचे लहान रिमोट बटण अधिक चांगले. ते पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पायाच्या अंगठ्याखाली ठेवले की दोन्ही हात माशासाठी मोकळे राहतात. हे रिमोट चालत नाही म्हणून फेकून देणारे पुष्कळ आहेत, पण कारण बहुधा सेटिंगमध्ये असते. रिमोट प्रत्यक्षात फोनला आवाज वाढवण्याच्या बटणाचा इशारा पाठवतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ते बटण झूमसाठी नेमलेले असेल, तर रिमोट दाबल्यावर फोटो निघण्याऐवजी चित्र जवळ येत राहते. ते बटण फोटोसाठी नेमले की प्रश्न मिटतो. काही मिनिटे न वापरल्यास रिमोट झोपतो, म्हणून मासा उचलण्याआधी एकदा दाबून तो जागा करावा. (रिमोट जोडलेला असताना काही फोनवर मजकूर लिहिण्याची अक्षरपट्टी उमटेनाशी होते. फोन बिघडलेला नसतो, त्याला रिमोट हाच कीबोर्ड वाटतो.) तारेच्या इअरफोनवरील आवाजाचे बटणही अनेक फोनमध्ये हेच काम करते, फक्त तार आखूड पडते.

तळहात दाखवून किंवा आवाजाने फोटो काढण्याची सोयही काही फोनमध्ये असते. तळहाताच्या सोयीला एक हात मोकळा लागतो, म्हणजे मोठ्या माशासाठी ती बाद झाली. आवाजाची सोय शांत सकाळी चालते, पण वारा सुटला की दोन मीटरवरून फोनला ऐकू जात नाही, आणि माणूस तलावाकडे पाठ करून ओरडत बसतो.

मागचा तलाव स्पष्ट, मासा धूसर

मासा चौकटीत नसताना फोनचा फोकस दूरच्या झाडांवर बसतो आणि मासा आल्यावरही तो तिथेच राहतो. हे टाळण्यासाठी चौकट आखताना आपण जिथे मासा धरणार तिथे जेवणाचा डबा किंवा पिशवी ठेवावी, पडद्यावर त्या वस्तूवर बोट दाबून धरावे आणि फोकस बांधला गेल्याची खूण दिसली की वस्तू उचलावी. पडदा विझला की हा बंध सुटतो, म्हणून पडदा विझण्याची मुदत वाढवून ठेवावी. माशाला त्याच जागेवर धरावे, कॅमेऱ्याकडे पुढे करू नये.

मासा पुढे करण्याच्या सवयीबद्दल येथेच लिहितो, कारण ती धूसरपणाचेही कारण आहे. भिंगापासून एक मीटरवर मासा आणि दोन मीटरवर चेहरा असेल, तर चेहऱ्याच्या मानाने मासा दुप्पट दिसतो. फोटो पाहणाऱ्याला हे गणित मांडावे लागत नाही. मासा धरणाऱ्याची बोटे केळ्याएवढी दिसतात आणि गावातल्या पोरांनाही युक्ती कळते. आकार दाखवायचाच असेल तर ओल्या गवतावर मासा आडवा ठेवून त्याच्याशेजारी मोजपट्टी ताणावी, तोंडाचे टोक शून्यावर ठेवावे आणि फोन अगदी वरून, जमिनीला समांतर धरून फोटो काढावा. एकट्या माणसासाठी हा सर्वांत सोपा आणि सर्वांत खरा फोटो आहे. त्याला तिपाई, रिमोट, टायमर काहीच लागत नाही, आणि तरीही लोक त्याला कमी का लेखतात हे मला समजलेले नाही.

सगळ्याच फोटोंवर धुके

फोटोंमध्ये उजेडाभोवती पांढरे वलय दिसत असेल, तर भिंगावर माशाचा बुळबुळीत स्राव लागलेला असतो. कोरड्या शेल्याने पुसल्यास तो निघत नाही, पसरतो. स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने आधी पुसावे आणि मग कोरडे करावे. ओल्या बोटांनी पडदा ऐकत नसेल तर कडेचे आवाजाचे बटण दाबून फोटो काढावा.

खवले पांढरेफटक किंवा मासा काळा

रोहू आणि कतल्याचे खवले आरशासारखे काम करतात. फोन संपूर्ण दृश्याची सरासरी धरून उजेड ठरवतो, त्यामुळे गडद झाडीपुढे धरलेला मासा पांढरा पडतो आणि चकाकत्या पाण्यापुढे धरलेला काळा पडतो. पडद्यावर माशाच्या जागेवर बोट ठेवून सूर्याचे चिन्ह थोडे खाली ओढले की खवल्यांचा रंग परत येतो. काळोखा फोटो नंतर उजळता येतो, पण एकदा पांढरा पडलेला भाग कोणत्याही ॲपने परत येत नाही, म्हणून चूक करायचीच तर अंधाराच्या बाजूने करावी.

दुपारची वेळ सर्वांत वाईट. नागपूरच्या अक्षांशावर मे महिन्याच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो. तेव्हा टोपीची सावली चेहरा झाकते, माशाची पाठ जळाल्यासारखी दिसते आणि पोट काळे पडते. शिवाय त्या दिवसांत फोन उन्हात ठेवला की तो तापून पडदा मंद करतो आणि पुढे कॅमेराच बंद करतो. आयफोनसाठी कंपनीने सांगितलेली वापराची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस आहे, आणि चंद्रपूरचा उन्हाळा ती सकाळीच ओलांडतो. फोन बसवलेला असताना त्यावर पांढरे ओले कापड टाकून ठेवावे, भिंगाची बाजू मोकळी ठेवावी, आणि तापलेला फोन एकदम थंड पाण्याच्या बाटलीला टेकवू नये.

सकाळी पूर्वेच्या काठावर पाण्याकडे पाठ करून बसल्यास ऊन समोरून येते आणि तलाव मागे दिसतो. संध्याकाळी तेच पश्चिमेच्या काठावर करावे. या बैठकीचा दुसरा लाभ उजेडाहून मोठा आहे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदियातील अनेक मालगुजारी (मालगुजारांच्या काळातले जुने) तलाव जंगलाला लागून आहेत, आणि झुडपाकडे पाठ करून वाकलेला किंवा उकिडवा बसलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही. मोह वेचणाऱ्यांना आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्यांना असलेला धोका फोनकडे पाहत माशावर वाकलेल्या माणसालाही तेवढाच असतो. पाण्याकडे पाठ असली की तोंड झाडीकडे राहते. काठापासून मात्र दोन पावले आत बसावे, कारण ओल्या पाळीवरून मागे सरकताना पाय घसरतो. पेंच व्याघ्र प्रकल्पातील तोतलाडोह जलाशयासारख्या संरक्षित क्षेत्रातील पाण्यावर मासेमारीलाच मनाई आहे, तेव्हा तेथील फोटोचा प्रश्न उद्भवू नये.

फोटो होईपर्यंत मासा मरतो किंवा निसटतो

मासा सोडून द्यायचा असेल तर हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. पाणी जितके गरम तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी असतो. २० अंशांना लीटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उन्हाळ्यात ओढून आणलेला रोहू आधीच दमलेला असतो, आणि फोनची जुळवाजुळव होईपर्यंत त्याला गवतावर ठेवणे म्हणजे त्याला मारणेच होय. त्याला गरीसह काठालगतच्या पाण्यातच जाळीत ठेवावे, फोन सुरू करून यावे, हात ओले करावेत आणि मग एक हात शेपटीच्या मुळाशी व दुसरा पोटाखाली देऊन त्याला आडवे उचलावे. कोरड्या हाताने धरल्यास अंगावरचा संरक्षक स्राव निघून जातो, आणि गलफड्यात बोट घालून उभा लटकवलेला जड मासा आतून दुखावतो. आपला श्वास रोखून धरावा आणि तो सोडावासा वाटला की मासाही पाण्यात जावा, हे माप पुरेसे आहे.

मरळ हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ती बराच वेळ तग धरते. पण फोटो बिघडवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. निपचित पडून राहते, आणि उचलली की एका झटक्यात हातातून उडते. तिच्या डोळ्यांवर ओले कापड टाकले की ती बऱ्यापैकी शांत होते. कापड अगदी शेवटी काढावे. शिंगाळा, मागूर आणि सिंगी यांना हातात धरून फोटो काढण्याचा हट्ट एकट्याने करू नये. त्यांच्या कल्ल्यामागील काटे खोल घुसतात, सिंगीचा काटा विषारी असतो, आणि दुखऱ्या हाताने मोटारसायकल चालवत गाव गाठणे सोपे नसते. यांच्यासाठी जमिनीवरचा, वरून काढलेला फोटोच योग्य आहे.

घरी न्यायचा मासा असेल तर संत्र्यांच्या जाळीदार पिशवीत घालून पाण्यात ठेवावा आणि फोटोपूर्वी धुवावा, कारण मेलेल्या आणि वाळलेल्या माशाचा रंग लवकर उतरतो. सोडायच्या माशासाठी ही पिशवी नको, तिच्या गाठींनी खवले निघतात. गरीला कासव लागले तर फोटोच्या फंदात न पडता गरी काढून ते लगेच सोडावे. आपल्याकडच्या तलावांत आढळणाऱ्या मऊ पाठीच्या कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे.

फोटो चांगला आला, पण पाठवल्यावर बिघडला

व्हॉट्सॲपवरून साधा फोटो पाठवला की तो आकुंचित होतो आणि खवल्यांचा तपशील जातो. पाठवताना एचडीचा पर्याय निवडावा, किंवा फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोसोबत तो काढल्याच्या ठिकाणाची नोंदही जशीच्या तशी जाते. बहुतेक तलाव मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात आणि त्यांच्या परवानगीने आपण तेथे बसतो. पुढच्या रविवारी त्याच पाळीवर अनोळखी गाड्यांची रांग लागली, तर ती परवानगी पुन्हा मिळणार नाही. त्यामुळे कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील ठिकाणाची नोंद घरूनच बंद करून निघावे.